खिशांतील बिनतारी यंत्र आणि गिऱ्हाइकाची मागणी

खिशांत बाळगण्याच्या टेलिफोनमध्यें ज्या निरनिराळ्या बिनतारी सोयी असतात, त्यांपैकीं गिऱ्हाइकाला खरोखर कोणती हवी असते आणि त्याची मागणी कोणाच्या कानापर्यंत पोंचते, ह्या विषयावर आज मी चार शब्द बोलणार आहें. विषय ऐकून कित्येकांस वाटेल कीं, हा यंत्रज्ञांचा किंवा व्यापाऱ्यांचा प्रांत. त्यांत पेन्शनीत निघालेल्या शाळामास्तराचें काय काम? परंतु मागणें आणि मिळणें ह्यांचा हिशेब वर्गांतहि रोज करावा लागतो. पहिल्या बांकावरचा मुलगा हात वर करतो, त्याला उत्तर मिळतें. शेवटच्या बांकावरच्यालाहि शंका असते, पण तो हात वर करीत नाहीं, आणि मास्तर समजतो कीं त्याला सर्व कळलें आहे. बाजाराचेंहि कांहींसें असेंच आहे.

मोबाइल टेलिफोन हा मुळांतच बिनतारी आहे हें खरें. पण त्या एवढ्याशा डबींत एक नव्हे, पांच-सहा बिनतारी यंत्रें शेजारीं शेजारीं नांदत असतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. एक यंत्र गांवाबाहेरच्या मनोऱ्याशीं बोलतें. दुसरें, ज्याला वाय्-फाय् म्हणतात, तें घरांतल्या किंवा कचेरींतल्या पेटीशीं संधान बांधतें. तिसरें ब्लूटूथ, त्याचा पल्ला साधारणतः खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चौथें आकाशांतल्या उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतें, स्वतः कांहींच बोलत नाहीं, आणि त्यावरून आपण कोठें उभे आहों हें गणित करून सांगतें. महागड्या फोनांत आणखी एक असें असतें कीं, तो दुकानदाराच्या यंत्राला जवळजवळ टेंकविला म्हणजे पैसे चुकते होतात. आणि कांहीं फोनांत, सर्वांत नव्हे, एफ्.एम्. रेडिओ ऐकण्याचें यंत्र असतें. ह्या शेवटच्या भावंडाविषयीं मला आज विशेष बोलावयाचें आहे. पण त्याच्या आधीं ब्लूटूथचा समाचार घेऊं, कारण मागणी कशी आड वाटेनें येते तें त्यावरून चांगलें कळतें.

ह्या नांवाची हकीकत मौजेची आहे. दहाव्या शतकांत डेन्मार्क देशांत हॅरल्ड नांवाचा एक राजा होऊन गेला. त्याचें टोपणनांव ब्लूटूथ, म्हणजे निळ्या दाताचा. त्यानें डेन लोकांना एका छत्राखालीं आणलें, म्हणून संगणक व टेलिफोन ह्या दोन जातींस एकत्र आणणाऱ्या तंत्रालाहि त्याचेंच नांव द्यावें, असें एका अमेरिकन इंजिनिअरानें सुचविलें. मूळ संशोधन स्वीडनच्या एरिक्सन कंपनीनें १९९४ च्या सुमारास हातीं घेतलेलें. पुढें १९९८ सालीं पांच मोठ्या कंपन्यांनीं मिळून त्यासाठीं एक मंडळ स्थापन केलें. नांव तात्पुरतेंच ठेवलें होतें, पण तेंच चिकटलें. फोनवर जी कोनदार खूण दिसते ती त्या राजाच्या नांवाच्या दोन आद्याक्षरांची, रून नांवाच्या जुन्या लिपींतली जोडाक्षरी आहे. 

त्या पांच कंपन्यांनीं मनांत धरलें होतें तें कचेरींतलें काम: तारांचा गुंता नको, कानाला लावण्याचें यंत्र सुटें असावें, संगणकांतले कागद फोनमध्यें यावे. आपल्याकडे झालें काय? आपल्या यवतमाळ, पुसद, वणीसारख्या गांवांत ज्या काळीं इंटरनेट महाग आणि मंद होतें, त्या काळीं पोरांना ब्लूटूथचा उपयोग एकच ठाऊक होता: गाणें देणें आणि गाणें घेणें. दोन फोन शेजारीं ठेवून चार-चार मिनिटें एका गाण्याची वाट पाहत बसलेलीं मुलें मीं शाळेच्या ओट्यावर किती वेळां पाहिलीं असतील! बाजाराच्या दिवशीं मेमरी कार्डांत गाणीं भरून देणारीं दुकानें निघालीं. फोन विकत घेतांना गिऱ्हाईक "ब्लूटूथ आहे का?" हें हटकून विचारी, आणि नसेल तर उठून जाई. तेव्हां अगदीं स्वस्त फोनांतहि तें यंत्र घालणें कारखानदारांस भाग पडलें. कायद्याचाहि येथें हात होता. १९३३ च्या कायद्यान्वयें बिनतारी यंत्र बाळगण्यास सरकारचा परवाना लागे. ज्यांची साठी उलटली आहे त्यांना रेडिओचें परवाना-पुस्तक आणि पोस्टांत दरवर्षीं भरावयाची फी आठवत असेल. २००५ च्या जानेवारींत भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास सुमारें २४० कोटि कंपनांचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्याच्या बंधनांतून मोकळा केला. ब्लूटूथ आणि वाय्-फाय् हीं दोन्ही ह्याच पट्ट्यांत वावरतात. तो सरकारी कागद निघाला नसता तर पोरांच्या गाण्यांच्या देवघेवीवरहि कायद्याचें बोट उचललें गेलें असतें, ही कल्पना मला गंमतीची वाटते.

आतां दुकानाकडे वळूं. माझ्या ओळखीच्या एका दुकानांत मी अधूनमधून संध्याकाळीं जाऊन बसतों. सेवानिवृत्त माणसाला बसावयास जागा लागतेच. तेथें येणारीं गिऱ्हाइकें ऐकत राहणें हें एक शिक्षणच आहे. तरुण मुलगा पांचव्या पिढीच्या जाळ्याची चौकशी करतो. ते जाळें त्याच्या खेड्यांत पोंचलें आहे कीं नाहीं, हें तो विचारीत नाहीं. कॉलेजांतली मुलगी हॉटस्पॉट नीट चालतो का, हें पाहून घेते, कारण घरांत रिचार्ज एकाच फोनचा आणि अभ्यास करणारीं भावंडें तीन. किराणा दुकानदाराला पैसे आल्याची वर्दी मोठ्यानें देणारी पेटी हवी असते. आणि एके दिवशीं घाटंजीकडचे एक म्हातारे शेतकरी आले. धोतराच्या सोग्यांतून पैसे काढण्याच्या आधींच त्यांनीं विचारलें, "यात रेडिओ लागते का जी?"

दुकानदार म्हणाला, "काका, नेट टाका, सगळंच लागते."

म्हाताऱ्यानें विचारलें, "अन् नेट संपलं मंग?"

ह्या प्रश्नाला दुकानांत कोणाजवळ उत्तर नव्हतें. म्हाताऱ्यानें अखेर बटणांचा साधा फोन घेतला, त्यांत रेडिओ होता. परंतु माझ्या मनांत जो विचार आला तो निराळाच. समजा, त्यांनीं मुलाच्या आग्रहाखातर तो बिनरेडिओचा मोठा फोन घेतला असता, तर कारखानदाराच्या वहींत काय नोंद झाली असती? एक फोन विकला गेला. गिऱ्हाइकाला रेडिओ नको होता. आणि कांहींच न घेतां ते परत गेले असते तर नोंदच नाहीं. विक्री मोजली जाते, मागणी मोजली जात नाहीं. जें दुकानांत ठेवलेंच नाहीं त्याला गिऱ्हाईक नाहीं, असें म्हणणें म्हणजे खानावळींत भाकरी न करतां "आमच्याकडे कोणी भाकरी खात नाहीं" असें म्हणण्यापैकीं आहे.

नभोवाणीच्या इतिहासांत ही गोष्ट नवी नाहीं. १९२७ च्या जुलैच्या २३ तारखेस मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्या वेळीं सर्व हिंदुस्थानांत रेडिओचे परवाने कांहीं हजारांवर नव्हते. परवान्याच्या फींतून कंपनीचा खर्च भागेना, आणि १९३० सालीं तिचें दिवाळें वाजलें. सरकारनें ती चालवावयास घेतली, पण मंदीचे दिवस होते. १९३१ च्या ऑक्टोबरांत सरकारनेंहि हें खातें बंद करण्याचें ठरविलें. आंकड्यांनीं पाहतां त्यांत चूक काढण्यास जागा नव्हती, कारण मागणी नाहीं हें परवाने मोजून सिद्ध झालें होतें. पण बंद होणार असें कळतांच लोकांनीं जी ओरड केली, तिच्यामुळें पुढच्याच महिन्यांत सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला. १९३६ सालीं त्याचेंच ऑल इंडिया रेडिओ झालें, १९५७ पासून त्यास आकाशवाणी म्हणूं लागले, आणि १९४८ सालीं सुरू झालेलें नागपूर केंद्र तर आपल्या वऱ्हाडाच्या पिढ्यांनीं ऐकलेलें आहे. त्या काळच्या कांहीं थोड्या लोकांनीं पत्रें लिहिण्याचा कंटाळा केला असता तर काय झालें असतें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां थोडें यंत्राविषयीं. एफ्.एम्. लहरी सेकंदास ८ कोटि ८० लक्षांपासून १० कोटि ८० लक्ष कंपनांच्या असतात. त्यांची लांबी सुमारें तीन मीटर. अशी लहर पकडावयाची तर तिच्या चवथाईइतकी, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास लांबीची तार पुरते. कानांत घालण्याच्या साध्या यंत्राची दोरी ह्याच मापाजवळची असते! म्हणून ती दोरी फोनमध्यें खोंचली कीं तीच एरिअलचें काम करते, आणि म्हणूनच ती खोंचल्याशिवाय बहुतेक फोनांत रेडिओ लागत नाहीं. पुष्कळांस वाटतें कीं हा कांहीं बिघाड आहे. बिघाड नव्हे, ती युक्ति आहे. शिवाय वाय्-फाय्, ब्लूटूथ आणि एफ्.एम्. हीं तिन्ही कित्येकदां एकाच नखाएवढ्या चकतींत बसविलेलीं असतात. तेव्हां रेडिओसाठीं निराळा असा मोठा खर्च कारखानदारास करावा लागतो असें नाहीं. कित्येक फोनांत तर तो पोटांत असूनहि निजवून ठेवलेला असतो.

मग तो नाहींसा कां होत चालला? एक कारण सरळ आहे. २०१६ सालीं अॅपल कंपनीनें आपल्या नव्या फोनमधून दोरी खोंचण्याचें भोक काढून टाकलें, आणि पाठोपाठ इतरांनींहि तेंच केलें. कानाला बिनतारी, ब्लूटूथवर चालणारें यंत्र लावावें, ही नवी ऐट आली. दोरी गेली, तिच्याबरोबर एरिअल गेली, आणि एरिअलबरोबर रेडिओ गेला. एका बिनतारी सोयीनें दुसरीचा गळा घोटला, तो असा! दुसरें कारण मी माझ्या जबाबदारीवर सांगतों. रेडिओ फुकट आहे. त्याला रिचार्ज नाहीं, त्यांतून कोण काय ऐकतो ह्याची नोंद कोणाला मिळत नाहीं, त्यावरून कोणाला कांहीं विकतां येत नाहीं. जी वस्तु गिऱ्हाइकाला एकदां दिली म्हणजे पुन्हा कधींहि पैसे मिळत नाहींत, तिची जाहिरात करण्यास व्यापाऱ्याचें मन घेत नसेल तर त्याला मी दोष देणार नाहीं. परंतु मागणी नाहीं असें तरी त्यानें म्हणूं नये.

येथें एक बारीक भेद सांगितला पाहिजे. फोनमधला रेडिओ म्हणजे फक्त एफ्.एम्.; मध्यम लहरी त्यावर लागत नाहींत. नागपूरचें मध्यम लहरींवरचें केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर बोलतें. त्या लहरीची लांबी ५०० मीटरांच्या वर. ती पकडण्यास तांब्याच्या तारेचे वेढे दिलेली एक काळी कांडी लागते, ती ट्रान्झिस्टरांत असते. फोनांत तिला जागा नाहीं, आणि फोनच्या स्वतःच्या गडबडींत तिला कांहीं ऐकूंहि येणार नाहीं. एफ्.एम्.चा आवाज स्वच्छ, पण तिची लहर जवळजवळ सरळ रेषेंत जाते आणि डोंगर आडवा आला कीं अडते. मध्यम लहर जमिनीला धरून दूरवर जाते. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां नागपूर आकाशवाणीवरून "शाळेबाहेरची शाळा" हा कार्यक्रम लहान मुलांसाठीं होऊं लागला. ज्यांच्या घरीं इंटरनेटचा फोन नाहीं अशा मुलांसाठीं ही फार चांगली योजना होती. मी स्वतः ओळखीच्या दोन-चार घरीं हें सांगत फिरलों. घरांत फोन होता, फोनमध्यें रेडिओहि होता. पण तो एफ्.एम्.चा, आणि नागपूर मध्यम लहरींवर! जुना ट्रान्झिस्टर एकाच घरीं निघाला, त्याच्या घरांत झुरळांनीं संसार थाटला होता. तो झाडून, नवे सेल घालून त्या घरच्या पडवींत शेजारचीं मुलें बसूं लागलीं.

ह्या सोयीला करमणुकीची बाब समजण्याकडे शहरांतल्या सुशिक्षित घरांचा कल असतो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें आजारी पडले आणि मरणाऱ्यांची संख्या वीसच्या घरांत गेली. त्या वर्षीं पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. औषधाचे तुषार नाकातोंडांत जात. तोंड बांधा, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून फवारूं नका, भर उन्हांत फवारूं नका, अंग धुतल्याशिवाय भाकरीला हात लावूं नका, ह्या सूचना बाटलीबरोबरच्या कागदावर असतात. पण तो कागद बारीक अक्षरांत छापलेला, आणि तो वाचणारा माणूस बहुधा मालक, फवारणारा मजूर निराळा. फवारणाऱ्याच्या खिशांत कोणता फोन असतो? बहुधा सर्वांत स्वस्त. एका रेडिओनें तीं सर्व माणसें वांचलीं असतीं, असा पोकळ दावा मी करणार नाहीं. त्या दुर्घटनेचीं कारणें अनेक होतीं. पण दुपारच्या शिदोरीच्या वेळीं झाडाखालीं बसलेल्या मजुराला वाचतां न येणारी सूचना त्याच्याच बोलींत सांगावयाची असेल, तर आवाजाखेरीज दुसरें साधन मला दिसत नाहीं. आणि तो आवाज रिचार्जवर अवलंबून नसावा, एवढेंच माझें म्हणणें आहे. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला फोन खोंचून गाणीं ऐकत ओळीनें पुढें सरकतात, आणि रानडुकरांपासून राखण करण्यासाठीं जागलीला गेलेला गडी माचाणावर रात्रभर तेंच करतो. ऐकणारे आहेत, ह्याविषयीं मला तरी शंका नाहीं.

सरकारच्या हें ध्यानांत आलें नाहीं असें नव्हे. २०२३ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानें फोन बनविणाऱ्यांच्या संघांना असें कळविलें कीं, ज्या फोनांत एफ्.एम्.चें यंत्र असेल तें निजवून ठेवूं नये, चालू ठेवावें. आणि ज्यांत तें नाहीं त्यांत घालण्याचा प्रयत्न करावा. वादळ, पूर, भूकंप अशा प्रसंगीं मनोरे बंद पडले तरी रेडिओ चालतो, हें कारण त्यांत दिलें होतें. परंतु ती सूचना होती, सक्ति नव्हती. अमेरिकेंतहि २०१७ च्या चक्रीवादळांनंतर तेथील दळणवळण आयोगाच्या अध्यक्षानें अॅपल कंपनीला जाहीरपणें असाच आग्रह केला. तेव्हां कंपनीनें उत्तर दिलें कीं, आमच्या नव्या फोनांत असें यंत्रच नाहीं, मग चालू काय करावयाचें? सूचनेला मिळणारें उत्तर हें असें असतें. भारतांत २०२३ पासून आणखी एक प्रयोग चालू झाला आहे तो असा कीं, मनोऱ्यांवरून एकदम सर्व फोनांना धोक्याची सूचना मोठ्या आवाजांत पाठवावयाची. आपणांपैकीं पुष्कळांचे फोन तेव्हां एकदम किंचाळले असतील. चांगली योजना आहे. पण तिलाहि मनोरा उभा असावा लागतो. इंटरनेटवांचून दूरदर्शनचीं चित्रें थेट फोनवर आणण्याचाहि विचार चालू आहे, आणि त्याला फोन कारखानदारांनीं नेहमींप्रमाणें खर्च वाढेल अशी हरकत घेतली आहे. त्याविषयीं आज एवढेंच.

शेवटच्या बांकावरच्या मुलाचें म्हणणें कोणी ऐकतच नाहीं, असेंहि मात्र नाहीं. ज्यांना केवळ बोलावयाचें आहे अशा माणसांनाहि इंटरनेटसकट महाग रिचार्ज घ्यावें लागत असे. ह्याविरुद्ध तक्रारी झाल्या, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२४ च्या डिसेंबरांत कंपन्यांना असा नियम घालून दिला कीं, नुसतें बोलणें आणि संदेश एवढ्यासाठीं निराळें रिचार्ज ठेवलेंच पाहिजे. देशांत सुमारें १५ कोटि लोक अजून जुन्या पद्धतीचे फोन वापरतात, हें त्या वेळीं पुढें आलें. पंधरा कोटि! ह्या लोकांची मागणी "आणखी द्या" अशी नव्हती, "नको तें घेण्यास लावूं नका" अशी होती. आणि अशीहि मागणी असूं शकते, हें बाजारास सांगावें लागलें. त्याआधीं २०१७ सालीं पंधराशें रुपयांच्या अनामतीवर जो जिओचा बटणांचा फोन निघाला, त्यांत वाय्-फाय् होतें, ब्लूटूथ होतें आणि एफ्.एम्. रेडिओहि होता. स्वस्तांतल्या स्वस्त फोनांत हें सर्व बसतें, तर वीस हजारांच्या फोनांत कां बसूं नये, हा प्रश्न आपण शहरांतल्या सुशिक्षित लोकांनींच विचारावयाचा आहे, कारण महागडे फोन आपण घेतों आणि दुकानदार ऐकतो तें आपलें.

पुढच्या वेळीं घरांत नवा फोन घ्यावयाचा झाला म्हणजे खोक्यावरच्या यादींत "एफ्.एम्. रेडिओ" हे शब्द आहेत का तें पाहावें. दोरीचें भोक आहे का तें पाहावें. दोन्ही असल्यास दुकानांतच दोरी खोंचून, इंटरनेट बंद करून, यवतमाळचें केंद्र लागतें का तें ऐकून घ्यावें. इंटरनेट चालू असतांना लागलेला रेडिओ हा रेडिओ नव्हे, ती त्याची उसनी सावली. नसल्यास दुकानदारास तसें स्पष्ट सांगावें, आणि शक्य तर कंपनीला चार ओळी लिहाव्या. फोन कोणता, रेडिओ लागला कीं नाहीं, आणि दुकानदार काय म्हणाला, हें एका पोस्टकार्डावर लिहून ह्या केंद्राच्या पत्त्यावर धाडलें तरी चालेल. तीं कार्डें मोजावयास मला पुष्कळ वेळ आहे.